शेवटी अहवाल सुरू झाला

अकरा दिवस 'प्रस्तावना' या शब्दाखाली एक ओळ उमटत नव्हती. भाजणीचा व्यवसाय वाढवायला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून कर्ज घ्यायचंय. 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख, स्वतःचा वाटा किमान 10 टक्के, सगळं पाठ आहे. पण प्रकल्प अहवाल लिहायला बसलं की 'आमचे ध्येय'पाशी हात थांबायचा. दुसऱ्यांचे नमुने वाचले की आणखीच अडायला व्हायचं, त्यात माझी भाजणी कुठेच नसायची.

आज दुपारी आई म्हणाली, "ते राहू दे गं. एक किलोला काय पडतं, तेवढं सांग मला."

वही उघडली. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे. भाजताना वजन किती घटतं, गॅस, दळण, पिशवी, लेबल. आई म्हणाली, "आणि तुझे हात फुकटचे आहेत का?" मजुरी मी धरलीच नव्हती. सहा वर्षांत एकदाही नाही. खूप भरून आलं.

मजुरी धरल्यावर भाव बदलला. मग महिन्याला किती किलो, त्यावरून चक्की केवढी हवी ते कळलं. दुकानदार महिन्याने पैसे देतात, म्हणजे तेवढ्या धान्याचं खेळतं भांडवल हाताशी हवं. संध्याकाळपर्यंत सहा पानं झाली आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी, चार ओळींत.

उद्या भाजणी यंत्राचं कोटेशन आणायचंय. कुणी वापरत असाल तर 25 किलोला गॅस किती लागतो, नक्की सांगा.