भाऊचा माऊ : तोरण-अक्षरांची सातवी नोंद

रविवारी दुपारी माझ्या सहा वर्षांच्या भाचीसमोर तोरण-अक्षरांची, म्हणजे डोक्यावरच्या रेघेच्या जागी आंब्याच्या पानांचे तोरण असलेल्या माझ्या फॉन्टची, पहिली पंधरा शब्दकार्डे मांडली. तिने ‘भाऊ’चे कार्ड उचलले आणि अजिबात न अडखळता ‘माऊ’ असे वाचले. पुढे ‘भोर’चा मोर झाला, ‘धर’चे घर झाले आणि ‘थवा’पाशी येऊन ती थांबली, कारण ‘यवा’ म्हणजे काय हे तिला कळेना. ‘माऊ लिहिलंयस तर मांजर का नाही काढलंस, मावशी?’ हा तिचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

मागील नोंदीत ज्या कामगिरीचा मी अभिमान मिरवला होता, ती मात्र टिकून आहे. शिरोरेषेच्या जागी आंब्याच्या पानांची रांग घेतल्यावर दोन अक्षरांच्या सांध्यावर पान अर्धवट कापले जात असे. तो दोष प्रत्येक ग्लिफची (फॉन्टमधल्या एकेका आकृतीची) रुंदी 80 युनिटांच्या, म्हणजे एका पानाच्या, पटीत बसवल्यावर नाहीसा झाला. काना 240, र 400, म 560. आता ‘मामा’ टंकित केले की वर मोजून वीस पाने येतात आणि त्यांतले एकही तुटलेले नसते. या एका शब्दाकडे मी परवा बराच वेळ नुसती पाहत बसले होते, हे येथे कबूल करण्यास हरकत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्या बालबोध वळणात, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, डोक्यावरच्या फटीमुळे आणि डावीकडच्या घुंडीमुळे वेगळ्या ओळखल्या जातात. म, घ, य यांच्यावर रेघ सलग असते. भ, ध, थ यांच्यावर ती दंडापुरतीच असते आणि घुंडीपाशी जागा मोकळी राहते. माझ्या फॉन्टमध्ये ती फट 70 युनिटांची होती, म्हणजे 1000 युनिटांना 100 मिलिमीटर या प्रमाणात छापलेल्या कार्डावर चांगली 7 मिलिमीटर. एवढी जागा मुलाला दिसत नाही, यावर माझा आधी विश्वासच बसेना. मग कार्ड भिंतीला लावून चार पावले मागे गेले आणि चूक लक्षात आली. तोरण मुळातच फटींचे बनलेले असते. दर दोन पानांच्या टोकांमध्ये पांढरी जागा असताना आणखी एक पांढरी जागा डोळ्याला वेगळी वाटावी तरी कशी? त्यात मी घुंडीलाही हौसेने पानाचाच आकार दिला होता, त्यामुळे ती घुंडी न वाटता तोरणाचे पहिले पान वाटत होती.

याचे मूळ माझ्या आवडीत आहे. सलग तोरणाची कल्पना मला मोडी कागद पाहताना सुचली होती. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. जेथे रेघ आधीच ओढलेली असते, तेथे तिच्यातील खंडावर अक्षराची ओळख अवलंबून ठेवताच येत नाही. बालबोधात ती ठेवलेली आहे. एका लिपीची सवय मी दुसरीच्या डोक्यावर बसवली आणि भाचीने ती पाच मिनिटांत पकडली.

पहिला उपाय म्हणून फट दुप्पट केली, तर भ दोन तुकड्यांत फुटला. नंतर फटीच्या कडेला झेंडूचे फूल लावून रांग तेथे संपल्याचे दाखवले. मोठ्या कार्डावर ते बरे दिसले, पण छाप निम्म्यावर आणताच फूल आणि घुंडी एकमेकांत मिसळून गेली. अखेर आजोबांच्या जुन्या वहीने हे कोडे सोडवले. त्यांचा ध डावीकडे असा ठसठशीत गोल गाठ मारून सुरू होतो की रेघ पुसली तरी तो घ वाटणार नाही. तेव्हा फटीची चिंता सोडून घुंडी मोठी केली, तिचे पान काढले आणि झेंडू तेथेच, गाठीच्या पोटात बसवला. बुधवारी भाचीने ‘धर’ बरोबर वाचले. थ अजून अवघडलेला दिसतो, कारण त्याच्या वेटोळ्यात फुलाला पुरेशी जागा नाही.

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा जाडजूड फॉन्ट पाहून मला नेहमी हेवा वाटतो, कारण त्यात अक्षराच्या पोटातील जागा केसाएवढी उरते आणि तरी शब्द लागतो. मात्र तो वाचता येणाऱ्यांसाठी आहे. अक्षरओळख होत असलेल्या मुलासमोर मी तो ठेवणार नाही.

कापणीबद्दल थोडक्यात सांगते. ज्या दुकानात लेझरने कार्डे कापून घेतली, तेथे पानांची टोके जळून तपकिरी झाली आणि ‘तेवढं चालतं हो’ असे ऐकावे लागले. पुढील कापणी मी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या साध्या ब्लेडने हातानेच करणार आहे. वेळ लागतो, पण टोक टोकच राहते. ‘ग्लिफ्स’ या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी मॅक संगणक लागतो आणि माझ्याकडे तो नाही, त्यामुळे फॉन्टचे काम फॉन्टफोर्जमध्येच चालू राहील.

येथवर लिहिल्यावर एक विचार आला आणि मी मध्येच उठले. शाळेत मुले आधी अक्षर काढतात आणि रेघ शेवटी देतात. मग तोरण कार्डावर छापायचेच कशाला? बोडकी अक्षरे छापावीत आणि तीन, पाच, सात पानांच्या सुट्या पट्ट्या द्याव्यात. म वर सात पानांची बसते, र वर पाचांची, भ वर मात्र दंडापुरती तीनच. 80 युनिटांचा हिशेब मी केवळ सांधे झाकण्यासाठी केला होता, तोच आता मुलाच्या हातात देता येतो. रद्द झालेल्या कार्डांच्या पट्ट्या कापून लगेच करून पाहिले. भाचीने ‘भाऊ’तल्या भ वर सात पानांची पट्टी ठेवून पाहिली, मोठ्या झालेल्या घुंडीवर ती टेकेना म्हणून उचलली आणि न सांगता तीनची शोधली.

त्यामुळे रफार आणि जोडाक्षरे सध्या बाजूला ठेवली आहेत. ठरलेला पोस्टरचा संचही नंतर होईल. आधी या तीन जोड्या, बोडक्या अक्षरांसह, नव्याने छापायच्या आहेत. तीन पानांची पट्टी सर्वांत लहान असल्याने एका संध्याकाळीच दोनदा पलंगाखाली गेली, तेव्हा तिच्या चार प्रती जास्त कापीन.