राजाबाई टॉवरच्या पायथ्याचे ग्रंथालय

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला उभा असलेला राजाबाई टॉवर लाखो लोकांच्या ओळखीचा आहे. मात्र तो ज्या इमारतीच्या दर्शनी भागातून वर चढतो ती इमारत मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, याची जाण फार थोड्यांना असते. मला हे नेहमी खटकत आले आहे, कारण या वास्तूच्या इतिहासात ग्रंथालयाची कल्पना आधीची आहे आणि मनोऱ्याची नंतरची.

18 जुलै 1857 रोजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याला स्वतःची वास्तू नव्हती आणि त्याचा कारभार टाउन हॉलमधून चालत असे. ऑगस्ट 1864 मध्ये प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने आणखी दोन लाख देऊ केले, ते मात्र मोठे घड्याळ आणि घंटा असलेला मनोरा बांधण्यासाठी. आणि त्या मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे अशी इच्छा त्याने व्यक्त केली.

हा पैसा आला कोठून, हे समजल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि पश्चिम भारतातल्या कापसाला सोन्याचे मोल आले. सुरतेत जन्मलेले, जैन कुटुंबातले प्रेमचंद तेव्हा तिशीत होते, आणि मुंबईच्या कापूस व शेअर बाजारावर त्यांची इतकी पकड होती की त्यांच्या शब्दावर कंपन्या उभ्या राहत. समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या बॅकबेच्या कंपनीच्या शेअरांमागे तर अवघे शहर धावत होते. 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 या हिशेब चुकते करण्याच्या दिवशी कित्येक प्रतिष्ठित पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदांची संपत्तीही या लाटेत गेली आणि ज्या बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचे वजन होते तिलाही पुढे टाळे लागले. त्या तेजीतले बहुतेक वैभव कागदावरच विरून गेले, ग्रंथालयासाठी दिलेली रक्कम मात्र दगडात उतरली. त्या काळातील सट्ट्याने किती घरे उद्ध्वस्त केली हे विसरून प्रेमचंदांचा गौरव करणे मला योग्य वाटत नाही. पण भरभराटीच्या ऐन शिखरावर असताना पुस्तकांसाठी आधी आणि मनोऱ्यासाठी नंतर पैसे देणारा माणूस केवळ सटोडिया म्हणून मोडीत काढणेही अन्यायाचे होईल.

इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनमधील सेंट पँक्रास स्थानकाचे हॉटेल आणि अल्बर्ट स्मारक यांचा हा वास्तुविशारद मुंबईत कधीच आला नाही. त्याने विलायतेत बसून नकाशे केले. 1 मार्च 1869 रोजी कोनशिला बसली आणि नोव्हेंबर 1878 मध्ये मनोरा पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्कॉट वारले होते. एकूण खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. सुमारे 280 फूट उंचीचा हा मनोरा तेव्हा शहरातील सर्वांत उंच बांधकाम होता. आज मैदानापलीकडे दिसणारी आर्ट डेको या विसाव्या शतकातील शैलीच्या इमारतींची रांग ज्या भागात आहे तेथवर तेव्हा शहर पोहोचले नव्हते, त्यामुळे समुद्राकडून येणाऱ्याच्या दृष्टीस तो दुरूनच पडे.

गॉथिक शैलीचा साचा परका असला तरी त्यावर काम करणारे हात येथलेच होते. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे 24 पुतळे आहेत आणि ते घडवण्याचे श्रेय रायबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याकडे जाते. खालून ते नीट दिसत नाहीत, ही मोठी खंत आहे. आत शिरल्यावर मात्र गोल जिने, सागवानी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या यांमधून वाचनकक्षाचा जो गंभीर प्रसन्नपणा तयार होतो, तो या शहरात मला दुसरीकडे आढळलेला नाही.

आणि ज्यांचे नाव या सगळ्याला आहे त्या राजाबाई? त्या अंध होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम त्यांना घंटेच्या आवाजावरून पाळता यावा म्हणून मुलाने मनोरा उभारला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा गोड आहे, पण मनोरा 1878 साली पूर्ण झाला आणि देणगी 1864 सालची होती, एवढे लक्षात घेतले तरी ती इतिहास म्हणून सांगताना सावध राहावे असे मला वाटते. त्यापेक्षा नोंदलेली एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही मोठी देणगी दिली. तेथील शिष्यवृत्तीला त्यांचे स्वतःचे नाव मिळाले आणि शिक्षणतज्ज्ञ आशुतोष मुखर्जी व इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासारख्यांनी ती मिळवली. मुंबईत मात्र त्यांनी आईचे नाव पुढे केले. ज्या विद्यापीठात तोपर्यंत एकही स्त्री पदवीधर झालेली नव्हती, त्याच्या सर्वांत ठळक वास्तूवर एका स्त्रीचे नाव आले. कॉर्नेलिया सोराबजी यांनी या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान मिळवला तो मनोरा उभा राहिल्यानंतर जवळजवळ दशकभराने.

पुढे विद्यापीठ मुंबईच्या उपनगरातील कालिन्याला विस्तारले, तेथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले आणि वाचकांचा ओघ तिकडे वळला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची खरी श्रीमंती हस्तलिखितांत आहे. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची 1935 मध्ये प्रसिद्ध झाली, संस्कृत-प्राकृत संग्रहाची सूची गो. वि. देवस्थळी यांनी 1940 च्या दशकात सिद्ध केली. अशा सूच्या करणे म्हणजे एकेक पान हाताळून, लिपी ओळखून, काळ ठरवत जाण्याचे काम असते, आणि त्या कष्टांना कोणताही मनोरा लाभत नाही.

2013 ते 2015 या काळात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने आणि वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली इमारतीची दुरुस्ती झाली. 2018 मध्ये ओव्हलभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि ग्रंथालय त्याचा भाग ठरले. आता विद्यापीठाने निवडक हस्तलिखिते खालच्या दालनात आलटून पालटून मांडावीत आणि वर्षातले काही दिवस तरी ती पाहायला सर्वांना मुभा द्यावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.