सोळा सिलिंडरचा आवाज आणि डोळ्यात पाणी

२०१२ ला इंग्लंडमध्ये गुडवुडच्या रेस ट्रॅकला गेलो होतो, तिथे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्या चक्क ट्रॅकवर पळताना बघितल्या. या गाड्या चावी फिरवून सुरू होत नाहीत बरं का, आधी बाहेरून स्टार्टर लावायचा, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि मग गरम करायचे स्पार्क प्लग (ठिणगी पाडून इंधन पेटवणारे) काढून रेसचे प्लग बसवायचे, तोवर ड्रायव्हर आपला उभाच! इंधनात मिथेनॉल, त्यामुळे जवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, पण हलवत नाही तिथून.

माझा जीव ऑटो युनियनवर, म्हणजे आजच्या आउडीच्या पूर्वज जर्मन कंपनीवर. १९३६ ची टाइप सी, सहा लिटरचं व्ही-१६, म्हणजे सोळा सिलिंडरचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे. १९४५ नंतर रशियनांनी जर्मनीतल्या झ्विकाउमधून, म्हणजे कंपनीच्या गावातून, या गाड्या उचलून नेल्या, बऱ्याच भंगारात गेल्या. एक मॉस्कोत मोडीत निघणार होती, ती १९७६ मध्ये लॅटव्हियातल्या रीगाच्या व्हिक्टर्स कुलबर्ग्स या जुन्या गाड्यांच्या शौकिनाने वाचवली. पुढे ती आउडीकडे गेली आणि रीगाच्या म्युझियमला हुबेहूब कॉपी मिळाली. काही लोक कॉपीला नाकं मुरडतात, मला तर ती पळाली की झालं.