घाट म्हणजे डोंगर नव्हे

‘पश्चिम घाट’ हे नाव भूगोलाच्या पुस्तकातून इतकं अंगवळणी पडलंय, की घाट म्हणजे डोंगररांग असंच पुष्कळांना वाटतं. डोंगर आहे तो सह्याद्री. घाट ही त्यावरून चढा-उतरायची वाट. युरोपीय लोकांनी या वाटांचं नाव उचललं आणि अख्ख्या रांगेला लावलं. आपल्या बोलीत मात्र अजूनही घाट ‘लागतो’, घाट ‘चढतो’, घाट ‘उतरतो’. डोंगराबद्दल कुणी ‘लागला’ म्हणत नाही.

शब्दाचं मूळ संस्कृत ‘घट्ट’. अर्थ नदीचा उतार, काठावरच्या पायऱ्या. काशीचा मणिकर्णिका, वाईचा गणपती घाट हे त्या मूळ अर्थाच्या जवळचे. पाण्याच्या पायऱ्या आणि डोंगरातली वाट यांचं नातं काय? दोन्हीकडे माणूस एका पातळीवरून दुसरीवर जातो आणि दोन्हीकडे त्याला ठरावीक जागीच जाता येतं. जिथून सगळ्यांना जावंच लागतं, तिथे जकात बसवणं सोपं. संस्कृतात ‘घट्टकुटी’ म्हणजे जकातीची चौकीच. ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ यातूनच आला: जकात चुकवायला व्यापारी रात्रभर आडवाटेने भटकला आणि उजाडलं तेव्हा नेमका चौकीच्या दारात उभा.

हा न्याय डोळ्यांनी बघायचा तर नाणेघाट. जुन्नरकडून कोकणात मुरबाडकडे उतरणारी ही सातवाहनकालीन वाट. माथ्यावर कातळात अरुंद खिंड, तिथे मोठा दगडी रांजण (तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा) आणि खिंडीच्या तोंडाशी गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख.

इथेच खिंड आणि घाट यांतला फरकही कळतो. खिंड म्हणजे धारेतली फट, तेवढीच जागा. घाट म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंतची सगळी उतरण. नाळ आणखी वेगळी: पाण्याने कोरलेली, धोंड्यांनी भरलेली उभी घळ, जशी लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ. नकाशावर ‘घाट’ वाचून बैलगाडीची वाट गृहीत धरू नये. काही घाटांतून जेमतेम माणूस उतरतो. बोरघाटातूनसुद्धा गाडीरस्ता 1830 मध्ये झाला, आणि रेल्वे 1863 मध्ये. त्या लोहमार्गाचा चढ 37 फुटांना 1 फूट, म्हणून आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावतात.

‘सुबक घाटाचं मडकं’ किंवा ‘लग्नाचा घाट घातला’ यांतला घाट मात्र वेगळा. त्याचं नातं ‘घडणे’, ‘घडवणे’शी. उच्चार एक म्हणून दोन्ही एकाच मुळाला बांधू नयेत. ही चूक बरेचदा दिसते.

कोकणातून देशावर जाणं म्हणजे ‘घाटावर जाणं’, म्हणून वरचा माणूस ‘घाटी’. मुळात हा निव्वळ दिशा सांगणारा शब्द. मुंबईत तो हिणवायला वापरला जातो, याचं वाईट वाटतं.

आणि हे वर-खाली फक्त सह्याद्रीचं नाही. वऱ्हाडचे जुने दोन भाग होते: पूर्णाखोऱ्यातला सखल पाईनघाट आणि दक्षिणेचा उंच बालाघाट. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, ‘पाईन’ म्हणजे खाली. बुलढाण्यात आजही चिखली-मेहकर ‘घाटावर’ आणि मलकापूर-शेगाव ‘घाटाखाली’.