भावाकडे हिस्सा का मागितला? तुम्ही विचारलेत म्हणून

देवगडला गेले की कोणी ना कोणी विचारतेच, "वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागताना माहेर तुटेल असे वाटले नाही का?" वाटले होते. मात्र माहेर टिकवण्याची किंमत बहिणीनेच आणि जमिनीतच का मोजायची, हे विचारणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या भावाला विचारलेले नाही.

माहेर म्हणजे माया, हे मान्य. पण तो विमाही आहे. सासरी दिवस फिरले तर परतायला दार असावे म्हणून बहिणी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मिळालेला समान हक्क सोडतात, म्हणजे सगळा हप्ता आगाऊ भरतात, आणि भरपाई मात्र भावाच्या, त्याहून अधिक वहिनीच्या मर्जीवर राहते. विमा उलट बाजूनेही चालतो: मुली दूरच्या गावी दिल्याने पीक बुडाल्यावर घरखर्चाला सोयऱ्यांचा आधार मिळतो, असे रोझेन्झ्वाइग आणि स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये भारतातील खेड्यांच्या आकडेवारीवरून मांडले होते. त्या मांडणीत मुलगी आहे; तिला विचारले होते का, हा प्रश्न नाही.

वडील गेल्यानंतरच्या चतुर्थीला भाऊ मुंबईहून हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. दुय्यम निबंधकांकडे जायला रिक्षासुद्धा सांगून ठेवलेली होती. फक्त मला सांगायचे राहिले होते. मसुद्यात लिहिले होते की मी 'नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता' हक्क सोडत आहे. त्याच प्रेमापोटी तू मला काय लिहून देणार, असे मी विचारले. "तुला कधी काही कमी केलंय का?" तो म्हणाला, आणि खरोखरच केले नव्हते. आई आतून म्हणाली, "सही कर गो बाय, माका सुखान मरांदे." वडील 1982 च्या संपापर्यंत गिरणीत होते, तोवर लावणीपासून मळणीपर्यंत सगळे हिनेच ओढले, कलमांना पाणी हिनेच वाहिले, आणि सातबाऱ्यावर हिचे नाव कधी लागले नाही. मी सही केली नाही. भावाने रिक्षावाल्याला भाडे देऊन परत पाठवले, तेही माझ्या खात्यावर मांडल्यासारखे माझ्याकडे बघत.

"पैशांसाठी नाही, तत्त्वासाठी," असे मी तेव्हा म्हणाले. आज ते वाक्य मला भित्रे वाटते. पैशांसाठीही होते. पुरुषाची माया त्याच्या कमाईवरून मोजणारे लोक बाईने पैशाचे नाव काढताच तिची माया खोटी ठरवतात, एवढ्यासाठी मी तत्त्व पुढे केले. भाऊ माझ्या लग्नाचा खर्च आणि आईची औषधे मांडतो, तेही खोटे नाही. पण ते मांडायचे तर आईची शेतातली वर्षेही मांडावी लागतील, आणि ती कोणाच्या बाजूला धरायची हे मला आजही सुटलेले नाही.

आता सातबाऱ्यावर माझे नाव आहे, वाटप मात्र झालेले नाही. बाग कराराने देताना माझी सही लागते, म्हणून भाऊ फोन करतो. यंदा त्याने व्यापाऱ्याकडून दर कमी घेतला असे माझे मत आहे, आणि ते मी त्याला सांगणार आहे.