“गाडी असती तर?”

२०१६ चा जुलै. पहाटे साडेचारला कर्जत स्टेशनात मी छत्री मानेत अडकवून फॉर्म भरत होते. पाऊस इतका तिरका की पत्र्याखाली उभं राहूनही पॅडवरचे कागद भिजत होते. एका सल्लागार संस्थेत नोकरीला लागून मला दहा महिने झाले होते. काम ओडी (ओरिजिन-डेस्टिनेशन) सर्वेक्षणाचं, म्हणजे माणूस कुठून निघाला, कुठे चालला, कशासाठी, एवढं विचारून लिहायचं.

पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग तेव्हा एमयूटीपीच्या, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, तिसऱ्या टप्प्यात प्रस्तावित होता, मंजुरी यायची होती. आमचा अभ्यास त्याचा भाग नव्हता. कर्जत-खालापूर पट्ट्यातली गावं प्रवास कसा करतात, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. पण कुठल्याही गावात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: “रेल्वेचे का तुम्ही? लोकल येणार का?”

ज्यांना तो भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कर्जत सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरवर, कल्याणमार्गे. पनवेल कर्जतपासून तीस किलोमीटरच्या आत. मधे एकेरी रूळ होतेच, त्यांवरून मालगाड्या आणि मोजक्या लांब पल्ल्याच्या गाड्या जायच्या. लोकल मात्र एकही नाही. म्हणजे कर्जतच्या माणसाला लोकलनेच पनवेल गाठायचं तर आधी उलटं ठाण्यापर्यंत जायचं, तिथे गाडी बदलून ट्रान्स हार्बर मार्गाने पनवेलला उतरायचं. तीस किलोमीटरसाठी शंभराच्या आसपास किलोमीटर! नकाशावर बोटाने हा फेरा काढून पाहिला तेव्हा मला रागच आला होता.

त्या पहाटे मालडब्याच्या जागी पाचसहा बाया टोपल्या उतरवून बसल्या होत्या. टोपल्यांत रानभाज्या: शेवळं, कर्टुली, भारंगीची पानं, टाकळा. डोंगरावरच्या वाड्यांमधून अंधारातच खाली उतरलेल्या. त्यातल्या एका मावशींपाशी बसून मी फॉर्म सुरू केला.

“मावशी, आज कुठे निघालात?”

“कल्याणला.”

मी लिहिलं: कर्जत ते कल्याण, व्यवसाय, रोज. पुढच्या माणसाकडे वळणार तोच त्या म्हणाल्या, “पनवेलला भाव बरा मिलतो गं बाय. तिथं कर्टुली हातोहात जातात.”

“मग पनवेलला का नाही जात?”

“कशी जाऊ? टमटमवाला टोपलीचं पण माणसाचं भाडं घेतो. चौक गावाला उतरून परत दुसरी गाडी. दोन टोपल्या आन मी, तीन माणसांचं भाडं जायाचं नि तेवढंच यायाचं. मग खाऊ काय?”

मी फॉर्मकडे पाहिलं. त्यावर या बोलण्यासाठी एकही रकाना नव्हता. माझ्या कागदानुसार मावशींना पनवेलची गरज शून्य होती. त्या दिवशीचे आधीचे फॉर्म मी पुन्हा चाळले, तर कर्जतहून पनवेलला जाणारे एका हाताच्या बोटांवर. हे आकडे रात्री तक्त्यात भरले जाणार आणि कोणीतरी म्हणणार, मागणीच नाही. पुढच्या प्रत्येक फॉर्मच्या खाली मी पेन्सिलीने एक ओळ लिहायला लागले: गाडी असती तर कुठे गेला असता?

नऊ वाजता आमचे सर जीप घेऊन आले. त्यांनी गठ्ठा चाळला आणि पेन्सिलीच्या ओळींवर थांबले.

“हे कोणी सांगितलं विचारायला?”

मी मावशींचं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. जीप चौकच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “असं बघ. ‘असती तर’ला फुकटात हो म्हणता येतं. रेल्वे हवी का, असं विचारल्यावर नको म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. अशा उत्तरांवर देशात किती मार्ग टाकले आणि ते रिकामे धावले, तू शिकलीस ना?”

शिकले होते. माणसाने प्रत्यक्ष केलेला प्रवास आणि त्याने बोलून दाखवलेली इच्छा यांत केवढं अंतर पडतं, हा आमच्या विषयातला पहिला धडा. तरी मी म्हणाले, “सर, नदीवर पूल नसताना पोहून जाणारे मोजले, तर पुलाची गरज कधीच दिसणार नाही.”

“बरोबर. पण पनवेलपुढचं काय? हार्बर मार्गावर आत्ताच पाय ठेवायला जागा नाही. या गाड्या तिथे शिरणार कुठून? आणि पनवेलपर्यंतच आणल्या, तर कर्जतचा मुंबईला जाणारा माणूस मधे उतरून गाडी कशाला बदलेल? तेवढ्या पैशात कल्याणच्या पुढची गर्दी हलकी करता आली तर? रोज लोक पडतात तिथे.”

या शेवटच्या वाक्यावर मी गप्प झाले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. कल्याणनंतर दारात लोंबकळणाऱ्या माणसाचा जीव आणि कर्जतच्या मावशींची टोपली यांना एका तराजूत घालायला मन धजत नाही. पण पैसा मात्र एकाच तिजोरीतून येतो.

थोडा वेळ फक्त वायपरचा आवाज. मग सरच म्हणाले, “विचारायचंच असेल तर नीट विचार. तिकीट किती पडेल ते सांग. गाडी तासाला एक असेल हे सांग. स्टेशन गावापासून अर्धा तास चालत आहे आणि वर पाऊस आहे, हेही सांग. मग बघू किती जण हो म्हणतात.”

चौकला आम्ही तसंच केलं. नाक्यावर, किराणा दुकानात, देवळाच्या सभामंडपात. आणि उत्तरं डोळ्यांदेखत बदलत गेली.

पाताळगंगेच्या कारखान्यांत जाणारे कामगार आधी हो म्हणाले, आणि तासाला एक गाडी म्हटल्यावर गळाले. त्यांना दारात कंपनीची बस येते. मोटारसायकलवाली पोरं हसून म्हणाली, “तासाभरात आम्ही पनवेलला जाऊन परत येऊ.” जमिनीच्या व्यवहारातले एक गृहस्थ मात्र कुठल्याही अटीवर हो म्हणायला तयार होते. गाडीत ते स्वतः कधी बसणार नव्हते, हे बोलण्यातच कळलं. सर माझ्याकडे बघत नव्हते, पण ते काय विचार करत असतील ते मला कळत होतं.

मग नर्सिंगला जाणारी एक मुलगी भेटली. पनवेलला शिकत होती. रात्रपाळीचं प्रशिक्षण सुरू झाल्यावर येणं-जाणं जमेना, म्हणून वर्ष सोडून घरी बसली होती. तासाला एक गाडी चालेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “चालेल. फक्त ती वेळेवर सुटते हे माहीत असलं पाहिजे. टमटम भरल्याशिवाय हलत नाही, आणि संध्याकाळी सातनंतर भरतच नाही.” अर्धा तास चालण्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तशीच उत्तरं वयस्कर माणसांची, डायलिसिसला जाणाऱ्या एका काकांची, आणि टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायांची. ज्यांच्यापाशी स्वतःची गाडी नव्हती, त्यांचा होकार कुठल्याच अटीने हलला नाही. सरांनी त्यांचे फॉर्म वेगळे काढले आणि रबर लावून पुढच्या खिशात ठेवले.

दुपारी वावर्ल्याच्या बाजूला एका शेतावर गेलो. आवणीचे दिवस, शेतकरी दादा गुडघाभर चिखलात. जमीन जाऊ शकते हे त्यांच्या कानावर आलं होतं. मला वाटलं, हे नको म्हणतील. ते बांधावर आले, हात धुतले आणि म्हणाले, “माझ्या बापाच्या वेळी धरणाला जमीन दिली लोकांनी. पाणी नव्या मुंबईला गेलं. आता गाडी जाईल. जाऊ दे. पण ती इथं थांबणार का, ते लिहून घ्या. नुसती शिट्टी ऐकायला मी जमीन देणार नाही.” ते बोलत होते ते मोरबे धरणाबद्दल. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

परतताना सर खोपोलीबद्दल बोलले. कर्जत–खोपोली पंधरा किलोमीटर, एकेरी मार्ग, मधे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. एक गाडी चुकली की पुढचीसाठी ताटकळायचं. “रूळ आहेत म्हणून लोकल आहे असं होत नाही,” ते म्हणाले. “तुझ्या त्या मुलीला मार्ग नको आहे, वेळापत्रक हवं आहे.” दिवसभरात आमचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. मार्ग व्हावा असं माझं ठाम मत झालं होतं. फेऱ्यांचा शब्द मिळाल्याशिवाय होऊ नये, असं त्यांचं. रात्री कर्जतच्या लॉजवर त्यांनी दुसऱ्या दिवसाचे फॉर्म मागून घेतले आणि प्रत्येकाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. पहिली माझी होती. दुसरी: तासाला एकच असेल तर?

त्याच वर्षाच्या अखेरीस तिसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली. पनवेल–कर्जत दुहेरी मार्ग, साधारण तीस किलोमीटर, खर्चाचा अंदाज २,७०० कोटींच्या वर. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाच स्थानकं आणि तीन बोगदे. वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब, ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याचं खोदकाम पूर्ण झाल्याची बातमी आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. लांबी, रुंदी, खर्च सगळं होतं. मी शोधत होते ते फेऱ्यांचं वेळापत्रक: कर्जतहून पनवेलला पहाटेची पहिली गाडी किती वाजता सुटेल, आणि मालडब्यात दोन टोपल्यांना जागा असेल का.