लाइट गेली होती, पण दोष तिचा नव्हता

रावेर भागातल्या एका केळी पिकवण केंद्रातून दुपारी फोन आला. "भाऊ, लाइट गेली आणि पॅनलमधलं ते छोटं कंप्युटर बसलं. कार्ड गेलं असणार, नवीन घेऊनच या."

ते छोटं कंप्युटर म्हणजे रास्पबेरी पाय ३ बी प्लस. चार चेंबरच्या कंट्रोलरमधून आरएस-४८५ (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची जोडणी) च्या दोन तारांवरून दर मिनिटाला तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड वाचायचं, आलेख काढायचा आणि काही बिघडलं की एसएमएस पाठवायचा, एवढंच त्याचं काम. थंडावा कंट्रोलर स्वतःच सांभाळतो, त्यामुळे पाय बंद पडला म्हणून माल लगेच खराब होत नाही. रात्री चेंबरमध्ये काय चाललंय ते मात्र कुणालाच कळत नाही. दोन नंबरच्या चेंबरला त्याच सकाळी इथिलिन, म्हणजे केळी पिकवणारा वायू, सोडलेलं होतं. त्या चोवीस तासांत गर १६ ते १८ अंशांत राहायला हवा. कार्बन डायऑक्साइड १ टक्क्यावर गेला की पिकणं रेंगाळतं, आणि गर १३ अंशांखाली उतरला की साल काळवंडते, पिवळा रंग नीट चढतच नाही. म्हणून निघण्याआधी फोनवरच सांगितलं, की सुईचा थर्मामीटर घ्या, मधल्या थरातल्या क्रेटमधल्या केळ्यात खुपसा आणि दर तासाला आकडा वहीत लिहा.

पोचल्यावर पाय मेलेला नव्हता. लाल दिवा स्थिर. या मॉडेलवर पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की लाल दिवा विझतो, त्यामुळे पुरवठ्यावरचा संशय निम्मा तिथेच संपला. मीटर लावून पिन ४ आणि पिन ६ मध्ये मोजलं, ५.०८ आलं. हिरवा दिवा अधूनमधून लुकलुकत होता, म्हणजे कार्ड वाचलं जात होतं. स्टार्ट फाइल सापडली नाही तर हिरवा दिवा ठरावीक चार वेळा लुकलुकतो, कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, सापडला नाही तर सात वेळा. तसं काहीच नव्हतं. यंत्र उठलेलं होतं, पण वायफाय नाही, वाचन नाही, एसएमएस नाही.

अर्धं उठलेलं यंत्र मला पूर्ण मेलेल्यापेक्षा जास्त घाबरवतं. मेलेल्याचं कार्ड बदलून तरी मोकळं होता येतं.

सीरियल कन्सोल लावला, म्हणजे लॅपटॉप तारेने थेट पायच्या पिनांना जोडला. पिन ६ ग्राउंड, पिन ८ पायचा टीएक्स, पिन १० आरएक्स, वेग ११५२००. तार ३.३ व्होल्टचीच हवी. ५ व्होल्टचा सिग्नल दिला तर पिन कायमची जाऊ शकते. तारेतली ५ व्होल्टची लाल वायर जोडायचीच नाही, कारण पायला त्याचा पुरवठा आहेच. सुदैवाने आधी कुणीतरी कॉन्फिग फाइलमध्ये 'एनेबल यूआर्ट' १ करून ठेवलं होतं.

लॉगिन झाल्यावर पहिली ओळ डेबियन १२, बुकवर्म, म्हणजे पायवरच्या लिनक्स सिस्टमची आवृत्ती. इथे बुलसाय, म्हणजे डेबियन ११ चालू होतं हे पक्कं माहीत होतं. चौकशी केल्यावर कळलं, की आलेख दाखवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाने सकाळी दुरूनच 'अपडेट' सुरू केला होता. चेंबर भरलेलं असताना. फोनवर ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, कारण कुणाच्या लेखी तिचा बिघाडाशी संबंधच नव्हता.

'यूनेम' कमांडने चालू कर्नल सांगितला ६.१.२१-व्ही७+. हा तर बुलसायचा शेवटचा कर्नल. मॉड्यूल्सच्या (कर्नलच्या सुट्या भागांच्या) फोल्डरमध्ये मात्र एकच नाव होतं, ६.६.५१+आरपीटी-आरपीआय-व्ही७. चालतोय जुना कर्नल आणि त्याचे मॉड्यूल्स पुसलेले! आता सगळ्या खुणा जुळल्या. पायच्या कर्नलमध्ये कार्ड, त्यावरची एक्स्ट४ फाइल सिस्टम आणि सीरियल पोर्ट यांचे ड्रायव्हर आतच बांधलेले असतात, म्हणून तो उठतो. वायफाय आणि यूएसबी-सीरियल चिपचे ड्रायव्हर बाहेर मॉड्यूल म्हणून असतात. ते नसले की आरएस-४८५ चा पोर्ट, 'टीटीवायूएसबी०', तयारच होत नाही.

पण नवा कर्नल गेला कुठे? बुलसायमध्ये फॅट विभाजन (कार्डाचा तो भाग, जिथून पाय सुरू होताना कर्नल उचलतो) '/बूट' वर जोडलेलं असतं, बुकवर्ममध्ये '/बूट/फर्मवेअर' वर. जागच्या जागी श्रेणीवाढ करायची तर आधी '/बूट' सोडवायचं, नवा फोल्डर करायचा, एफएसटॅबमधली (कोणतं विभाजन कुठे जोडायचं त्या यादीतली) ओळ बदलायची, यादीप्रमाणे सगळं जोडणारं 'माउंट -ए' चालवायचं, आणि खरंच जोडलं गेलंय हे डोळ्यांनी पाहूनच जुना कर्नल काढून नवा घालायचा. तंत्रज्ञाने ओळ हाताने लिहिली होती आणि फर्मवेअरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधल्या 'ए' च्या जागी 'ई' पडला होता. 'माउंट -ए' चालवलं असतं तर अशी जागाच नाही हे तिथल्या तिथे कळलं असतं. ते झालं नाही. '/बूट' सुटलेलंच राहिलं, जुन्या कर्नलचं पॅकेज काढताना त्याचे मॉड्यूल्स पुसले गेले, पण फॅटमधली कर्नलची प्रत हाताला लागलीच नाही, ती तशीच राहिली. आणि पुन्हा सुरू होताना सिस्टमडीने (सुरुवातीची कामं करणाऱ्या प्रोग्रामने) त्या चुकीच्या नावाचा फोल्डर स्वतः तयार करून फॅट त्यावर निमूट जोडून दिलं. जोडलेली विभाजनं दाखवणाऱ्या 'डीएफ' च्या यादीत ते नाव मी तीनदा वाचलं आणि तीनदा बरोबरच वाटलं. चौथ्यांदा अक्षरावर बोट ठेवून वाचलं तेव्हा दिसलं.

पॅकेजेस घालणाऱ्या एपीटीचा टर्मिनल लॉग उघडला. यंत्राने साफ विचारलं होतं, बूट फर्मवेअर सापडत नाही, जोडायला विसरलात का? ती ओळ इतर शेकडो ओळींत वाहून गेली. सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणणारा पर्याय देऊन दुरून अशी कामं करायची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

लाइटचं काय? लॉगमधली शेवटची नोंद २ वाजून ३१ मिनिटांची. जनरेटरच्या वहीत लाइट गेल्याची वेळ २:४०. मधली नऊ मिनिटं यंत्र काहीच करत नव्हतं. घोटाळा २:३१ लाच पूर्ण झाला होता, लाइटने फक्त पाय पुन्हा सुरू केला. दुसऱ्या कुठल्याही कारणाने सुरू केला असता तरी हेच झालं असतं. नंतरच्या नोंदींच्या वेळा मी धरल्याच नाहीत. ३ बी प्लसला स्वतःचं घड्याळ नसतं. नेट नसेल तर तो शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे मोजत राहतो, आणि ती साठवण तासाला एकदाच होते.

दुरुस्तीआधी पाय नीट बंद करून कार्ड काढलं आणि लॅपटॉपवर त्याची पूर्ण प्रत घेतली. १६ जीबीला पंधरा मिनिटं लागली. ऑपरेटर दादा घाईला आले होते, पण प्रतीशिवाय मी अशा कार्डावर एक अक्षरही लिहीत नाही. प्रत ३२ जीबीच्या नव्या कार्डावर उतरवली. १६ वर १६ उतरवायला गेलं तर दुसऱ्या कंपनीचं कार्ड काही सेक्टरनी लहान निघतं आणि शेवट कापला जातो.

मग नव्या कार्डावर ते एक अक्षर सुधारलं, फॅट योग्य जागी जोडलं, 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री केली. फॅट २५६ एमबीचंच होतं (बुकवर्मच्या ताज्या कार्डावर ते ५१२ असतं), म्हणून जागा पाहून घेतली. पॅकेजेस बसवणाऱ्या 'डीपीकेजी' ला अर्धवट पॅकेजेस पूर्ण करायला सांगितलं. या वेळी कर्नल आणि त्याच्यासोबत सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस फाइल खरोखर फॅटवर उतरले. कॉन्फिग फाइलच्या शेवटी 'ऑटो इनिटरॅमएफएस' १ केलं आणि पुन्हा सुरू केलं. ६.६.५१. वायफाय आलं, टीटीवायूएसबी० आला.

वाचन तरीही नाही. बुलसायचा पायथन ३.९, बुकवर्मचा ३.११. पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) घातलेली मॉडबसची, म्हणजे कंट्रोलरशी बोलायच्या भाषेची, लायब्ररी जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्येच राहिली होती. पुन्हा घालायला गेलं तर पिप नकार देतो, कारण बुकवर्मपासून सिस्टमच्या पायथनमध्ये तो थेट काही घालू देत नाही. तो अडसर मोडायचा पर्याय आहे, पण मी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोग्रामपुरतं वेगळं पायथन) केलं आणि सर्व्हिस फाइलमध्ये त्यातल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिला. नवी पायमॉडबस आवृत्ती ३ ची आली. तिच्यात आयातीचा मार्ग वेगळा होता आणि 'युनिट' या नावाऐवजी 'स्लेव्ह' लागत होतं. दोन ओळी बदलल्या. रात्री ८:२० ला चारही चेंबरचे आकडे आले. दोन नंबरचा गर १६.८, आणि वहीतले हातचे आकडे त्याच रेषेत.

"लाइट गेली ना भो, म्हणून झालं," दादा अजूनही म्हणत होते. नऊ मिनिटांचा हिशोब त्यांना दाखवला. त्यांनी वही बंद करून ठेवली.

माझ्या मनात मात्र त्या दुरुस्त केलेल्या कार्डाचा प्रश्न राहिला. ते रात्रभर एकदाही अडलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी इमेजरने (कार्डावर सिस्टम लिहिणाऱ्या प्रोग्रामने) बुकवर्मचं ताजं कार्ड केलं, प्रोग्राम आणि जुना डेटा त्यावर आणला, स्थिर आयपी नेटवर्कमॅनेजरमध्ये नव्याने घातला (बुलसायमध्ये नेटवर्क सांभाळणाऱ्या डीएचसीपीसीडीच्या जुन्या फाइलकडे तो पाहत नाही) आणि चालू कार्ड बदललं. रास्पबेरी पाय बनवणारेही मोठ्या आवृत्तीसाठी ताजं कार्डच सुचवतात. पण चालत्या कार्डाला हात लावणं, हीच तर मी त्या तंत्रज्ञाची चूक धरतोय. फरक इतकाच, की माझं जुनं कार्ड पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेल्या पाकिटात आहे आणि ते परत घालायला दोन मिनिटं लागतात. एवढा फरक पुरेसा आहे असं मला वाटतं, पण पक्कं म्हणवत नाही.

तिथल्याच दुसऱ्या शेडमधले दोन पाय अजून बुलसायवर आहेत. त्यांची ताजी कार्डं तयार करून, तपासून, नावं घालून ठेवलीत. त्या शेडची चेंबर रिकामी होतील त्या दिवशी बदलायची.